ओटा कुणाच्या मापाचा?

बेल वाजली तेव्हा ढब्बूच्या एका हातात कंगवा होता आणि दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. दार तिने दोन्हीपैकी काहीही खाली न ठेवता उघडलं. कसं, ते विचारू नका.

बाहेर एक तरुण उभा होता. इतका उंच, की दाराच्या चौकटीने त्याचं कपाळ झाकलं होतं. कमरेला मापाची टेप, काखेत वही.

"बघायला आलोय," तो म्हणाला.

ढब्बूच्या घशात सफरचंद अडकलं. "क...कुणाला?"

"ओटा."

ढब्बू हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती गुटगुटीत होती. पुढे पळीसारखी बारीक झाली, पण नाव काही वाळलं नाही. तिला वाटलं, याला बाबांनी बोलावलंय. निवृत्त झाल्यापासून बाबाच स्वयंपाक करत आणि स्वयंपाकघराला रोज ताजी नावं ठेवत. बाबांना वाटलं, आईने बोलावलंय. आई कामावर गेली होती, त्यामुळे तिला काही वाटायचा प्रश्नच नव्हता.

चाळीस मिनिटं त्याने भिंती मोजल्या, खिडकी मोजली, नळ मोजले. टेपचं दुसरं टोक ढब्बूने धरलं होतं.

"घट्ट धरा हं... सोडू नका."

"मी सोडणाऱ्यातली नाही," ढब्बू म्हणाली.

त्याने वर पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा तेच लिहिलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चौथ्या मजल्यावरच्या काकू सकाळपासून त्याची वाट बघत होत्या. हा तिसरा मजला होता.

त्याचे कान लालबुंद झाले. "माफ करा. फारच... मी निघतो."

"निघता कसे?" बाबा म्हणाले. "मापं घेतलीत ना? मग ती वाया कशाला घालवायची? करून टाकू नवं स्वयंपाकघर!"

बाबांचे निर्णय असेच असत. एकदा रस्त्यात त्यांना एक छान बटण सापडलं, म्हणून त्यांनी शर्ट शिवून घेतला होता.

तर असा तो दर शनिवारी नकाशा घेऊन येऊ लागला. पहिलाच नकाशा उत्तम होता, आणि तिथेच घोडं अडलं. उत्तम नकाशावर सही होते, सही झाली की नकाशा काढणारा आपल्या घरी जातो आणि त्याच्या जागी गवंडी येतात. ढब्बूला गवंड्यांविषयी आदर होता, पण तेवढाच.

"सिंक डावीकडे हवं," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी सिंक डावीकडे आलं.

"उजवीकडेच बरं होतं, नाही?"

त्याच्या पुढच्या शनिवारी उजवीकडे गेलं.

"खिडकीखाली घेतलं तर...?"

"घेतो. मग कुठे घ्यायचं राहिलं?"

"छत."

"छताला गळती असते," तो गंभीरपणे म्हणाला. "पण सिंकला चालून जाईल."

ढब्बू खुदकन हसली. त्याची पेन्सिल खाली पडली. दोघं एकदमच ती उचलायला वाकले आणि दोघांची कपाळं खणकन आपटली. आवाजावरून बाबांना वाटलं, पातेलं पडलं.

पाचव्या नकाशाच्या वेळी आई बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होती. आत तो समजावत होता, "हे बघा, त्रिकोण महत्त्वाचा. त्रिकोण जमला की पुढचं आयुष्य सुखात जातं."

आई पेन्सिलसकट दारात हजर. "त्रिकोण? तिसरा कोण?"

"फ्रिज," तो म्हणाला. "गॅस, सिंक आणि फ्रिज."

आईने थोडा विचार केला. "फ्रिज चालेल," म्हणाली आणि परत गेली.

आठव्या नकाशानंतर मात्र तिने निकाल दिला. "पुढच्या शनिवारी सही. सोमवारपासून गवंडी येतोय, मी सांगून ठेवलंय. ढब्बू, अगं त्या मुलाच्या चपला झिजल्या!"

म्हणजे एकच शनिवार उरला. आपणच विचारून टाकावं यात ढब्बूला काडीची भीती नव्हती. खोच वेगळी होती. काल जिन्यात तो वरच्या काकूंशीही असाच हसून बोलत होता. हा प्रत्येकच स्वयंपाकघराकडे असं बघतो, की फक्त याच्याकडेच?

शनिवार आला. नववा नकाशा टेबलावर पसरला. बाबांनी चष्मा लावून एकेका आकड्यावर बोट ठेवलं आणि एका जागी बोट थांबलं.

"ओट्याची उंची... अडतीस इंच?" त्यांनी भिंतीवर हात लावून पाहिला. "अहो, हा माझ्या काखेत येतोय! कांदा चिरायला मी स्टुलावर चढू?"

त्याने नकाशा ओढून घेतला. "बत्तीस हवं होतं. चुकलं... ही चूक मी आजवर कधी केली नाही."

"वरच्या काकूंचा ओटा किती?" ढब्बूने विचारलं.

"बत्तीस."

"आणि आमचाच अडतीस?"

"उंची कोपरावरून ठरते. ओट्यापाशी जो उभा राहणार, त्याच्या कोपराच्या जरा खाली."

"मग हे कोपर कुणाचं?"

त्याने स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. ते तिथे कुणीतरी न विचारता बसवून गेलं असावं, तसं.

"काल ऑफिसात काढत होतो," तो हळूच म्हणाला. "या खिडकीपाशी सकाळी उभं राहून चहा करायला कसं वाटेल, ते बघत होतो... म्हणजे बघत मी होतो. आणि करत पण... मीच होतो."

बाहेर आईच्या पेन्सिलीचा आवाज थांबला.

"तुम्ही सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असा चहा करून बघता?"

"नाही." आता त्याचे कान लाल झाले नाहीत. तो सरळ तिच्याकडे बघत होता. "इथेच."

ढब्बूने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि ओट्याच्या मधोमध एक ठसठशीत रेघ मारली. "अर्धा बत्तीस. अर्धा अडतीस."

"ओट्याला पायरी?" बाबा म्हणाले. "गवंडी हसेल."

"हसू दे."

"अगं, पण आपल्या घरात एवढं उंच आहे कोण?"

आईने आत येऊन बाबांची बाही धरली. "तुम्ही चला बाहेर. माझा एक शब्द अडलाय."

"किती अक्षरी?"

"तीन. जा-व-ई."

"मग अडलाय कुठे?"

"तुमच्या डोक्यात शिरायचा अडलाय. चला!"

स्वयंपाकघरात दोघंच उरले.

"खालचा भाग बाबांचा," तो म्हणाला. "वरचा माझा. मग तुम्ही... तू कुठे उभी राहणार?"

"मधे. आणखी एक पायरी काढ."

"मग तुझं कोपर मोजावं लागेल."

"मोज की. नऊ शनिवार कशाची वाट बघतोयस?"

त्याने टेप काढली. खालचं टोक तिने पायाखाली दाबून धरलं. टेपची गार पट्टी वर येत तिच्या कोपराला टेकली, आणि पट्टीमागून त्याची बोटं. ती काही गार नव्हती.

"किती आलं?" बाहेरून बाबांनी विचारलं.

आत टेप खळकन खाली पडली.

"अहो, किती आलं?"

"चुकलं, बाबा," ढब्बू म्हणाली. "पुन्हा घेतोय."