पडद्यावरचा डोंगर

आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढत होते आणि अर्ध्या वाटेतच जीव मेटाकुटीला आला होता. "माझे गुडघे मला प्यारे आहेत," म्हणत ताई पायथ्याशीच चहा पीत बसली होती. वळणावर एक जण वाट अडवून उभा होता. एकदा हातातल्या जुन्या फोटोकडे बघत होता, एकदा डोंगराकडे.

"जरा बाजूला होता का? मागे माणसं मरताहेत!"

तो दचकला, मग हसला. हसला की गालाला खळी... असो.

"हा धबधबा डावीकडे कसा हो? फोटोत उजवीकडे आहे," तो म्हणाला. "लग्नानंतर आईबाबा इथे आले होते. आई शेवटपर्यंत सांगायची — काय तो वारा, काय तो गारठा! ती गेली, तेव्हा ठरवलं... एकदा तिच्या जागी जाऊन उभं राहायचं."

मी फोटो बघितला, मग डोळ्यांजवळ धरून पुन्हा बघितला.

डोंगराच्या कोपऱ्यात चौकोनी ठिगळ होतं. माझ्या आईने शिवलेलं! हा आमच्या फोटो स्टुडिओतला पडदा होता, माझ्या बाबांनी रंगवलेला. त्याच्यापुढे मी आठ वर्षं जोडप्यांचे फोटो काढतेय, म्हणून तर खरा डोंगर बघायला आले होते. आणि बाबांनी या डोंगराच्या फोटोची निगेटिव्ह उलटी धरून तो रंगवला होता, हे मला आत्ता कळत होतं!

"काय झालं? पांढऱ्याफटक पडलात."

"काही नाही... चढ फार आहे."

त्याने हात पुढे केला. मी तो धरला आणि वरपर्यंत सोडायला विसरले. सांगितलं तर याची आई खोटी ठरणार, आणि हा हातही सुटणार. गप्प बसावं झालं!

माथ्यावर त्याने एका खडकावरून हात फिरवला. "इथेच उभी असेल ती." त्याचे डोळे भरले होते. मग मात्र मला राहवेना.

"त्या इथे आल्याच नव्हत्या," मी म्हटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तो मटकन खाली बसला.

"म्हणजे आईने थापा मारल्या? तो वारा—"

"वारा खरा होता! बाबा टेबलफॅन लावायचे. केस उडायला हवेत ना..."

"आणि गारठा?"

"फॅन फार मोठा होता हो."

तो आ वासून बघत राहिला... आणि एकदम फुटला. पोट धरधरून हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. "म्हणजे आमच्या घरातून इथे पोचलेला पहिला मीच! काढा फोटो, खराखुरा."

मी मोबाईल समोर धरला. त्याने मान हलवली.

"एकट्याचा नको. त्या फोटोत दोघं आहेत."

हजारो फोटो काढले, पण त्यातल्या एकातही मी नव्हते. मोबाईल दगडाला टेकवला, टायमर लावला आणि धावत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, चांगलं हातभर अंतर ठेवून. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं,

"जरा जवळ सरका."

"कोणी? मी?" त्याने विचारलं.

मीच सरकले.