एकाच प्रतीची तबकडी

सुईमामांच्या घरी पाहुण्याने बसायचं कुठे, हा मोठाच प्रश्न होता. खुर्च्यांवरसुद्धा गाण्यांच्या तबकड्या. त्याही उभ्या, कारण आडव्या रचल्या की वाकतात. सुईमामा हे नाव भाचीने ठेवलेलं. तबकडी कडेने धरायची, पुसायची ती रेघांच्या गोलाईनेच, हे नियम मामा आल्यागेल्याला पाण्याआधी ऐकवत.

त्या दुपारी मात्र त्यांनाच नियमांचं भान नव्हतं. जुन्या बाजारात, एका खोक्याच्या तळाशी, त्यांना धाकट्या बहिणीची तबकडी सापडली होती. लग्नाआधी स्टुडिओत गाऊन तिने ती करून घेतली होती, जगात एकच प्रत. पुढे बहीण बाळंतपणात गेली आणि घर बदलताना तबकडी भंगारात गेली. भाचीने आईचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मामांनी फोन केला तेव्हा तिला धड बोलताही येईना. "निघालेच," एवढंच म्हणाली.

ती यायच्या आत धूळ काढावी म्हणून मामांनी सवयीने नेहमीची बाटली उचलली. स्पिरिट घातलेलं पाणी. इतर तबकड्या त्याने लख्ख होत. पण हिच्या पत्र्यावर काळा लेप होता आणि गाण्याच्या रेघा त्या लेपातच कोरलेल्या होत्या. फडकं काळंकुट्ट झालं. लेप विरघळला होता. बोट फिरवलं तर रेघ म्हणून लागेना. जन्मभर लोकांना शिकवलं आणि स्वतःच माती खाल्ली. मामा ढसाढसा रडले.

तेवढ्यात भाची आली. चप्पलही तशीच पायात.

"मामा, लावा ना."

तिच्या तोंडाकडे पाहून मामांना खरं सांगवेना. "जुनी आहे गं... नाही वाजली तर..." असं पुटपुटत त्यांनी सुई टेकवली.

गुळगुळीत पत्र्यावरून ती घसरायला हवी होती. घसरली नाही. संथपणे फिरत राहिली, आणि बहीण गाऊ लागली. तोच कोवळा आवाज, ओळ संपताना तसाच दम लागणारा. भाचीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मामांनी देवाचे आभार मानले.

मग ओळीच्या मध्येच गाणं थांबलं. नुसता श्वास ऐकू येत राहिला. हळूहळू मोठा होत गेला.

"मामा... आई एवढी जवळ का येतेय?"

मामांनी झटकन सुई उचलली. खोली शांत झाली. तबकडी पाकिटात घालायला त्यांनी पाठ वळवली, तर मागून गाणं सुरू झालं, तुटलं होतं तिथूनच. भाची डोळे मिटून गात होती.

"तुला... पुढचं कसं येतं गं?"

तिने डोळे उघडले.

"सुई का उचललीस, दादा?"

मामांना दादा म्हणणारं माणूस आयुष्यात एकच होतं.