आठ ठोक्यांचा सा

क्षणनियंत्रकाचा पट्टा भरतेश मगदूमने आजवर दुसऱ्यांच्या कपाळाला बांधला होता. आज तो स्वतःला बांधून घेत होता. इचलकरंजीच्या श्रवण प्रयोगशाळेतलं हे यंत्र त्यानेच बनवलेलं. त्यातून गाणं ऐकायची मात्र ही पहिलीच वेळ.

गाणं त्याच्या बायकोचं होतं. त्रिशला 'धोटा' नावाच्या, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यावरून नाव घेतलेल्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. ग्राइंडकोअर वाजवणारा बँड, म्हणजे मेटल संगीतातला सगळ्यात वेगवान प्रकार. एकेक गाणं दीड-दोन मिनिटांचं, आणि तेवढ्यात ताल दहा वेळा बदलणार. इलियास मोमीन त्यात गिटार वाजवायचा आणि गायचाही. त्याच्या आईने पहिलं गाणं ऐकून विचारलं होतं, मिक्सरमध्ये चमचा पडला काय रे. दिवाळीच्या आधी त्रिशला मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. जाण्यापूर्वी तिने 'तुटका ताणा' या अल्बममधले आपले ठोके पूर्ण केले होते.

इलियास लॅपटॉप घेऊन दाराशी बसला होता. अल्बम आज संध्याकाळी बाहेर जायचा होता. आठ गाणी तयार होती. नवव्या, शेवटच्या गाण्यात त्रिशलाचे ठोके मागेपुढे होत होते. ते संगणकावर सरळ करून घ्यावेत, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी भरतेशची संमती हवी होती.

"भरतेशदा, वहिनींचा हात मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तो असा कधी ढिला पडला नाही. लोक ऐकतील आणि म्हणतील, बाई आजारानं संपली. ते मला ऐकून घ्यायचं नाही."

भरतेशला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. कारण नववं गाणं बिघडलंय, हे त्याला कळतच नव्हतं. त्याला सगळीच गाणी सारखी वाटत. बँडच्या प्रत्येक कार्यक्रमाला तो पुढे उभा राहायचा, कानात कापूस घालून. इतरांनी टाळ्या वाजवल्या की वाजवायचा. त्रिशला मंचावरून ते बघायची आणि हसायची. म्हणून आज त्याने ठरवलं होतं, आधी नीट ऐकायचं, मगच काय ते सांगायचं.

पट्ट्याने नक्की काय होतं, हे इलियासने विचारलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हेमांगी खासनीस यांनी सांगितलं.

"मेंदू आवाज सलग घेत नाही. तुकडे करून घेतो. एका तुकड्यात दोन ठोके पडले, तर ते दोन राहत नाहीत, एकमेकांत मिसळतात. त्या तुकड्याला आम्ही श्रवणक्षण म्हणतो. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलं की हा क्षण पसरतो. मग बोलणाऱ्याची अक्षरं एकमेकांत शिरतात. माणसाला वाटतं आपण बहिरे झालो. खरं तर कान चांगला असतो. हा पट्टा मेंदूला अगदी हलका प्रवाह देतो आणि क्षण पुन्हा आखडतो."

"आणि माझ्यासारख्याला बांधला तर?"

"तर तुला नेहमीपेक्षा बारीक ऐकू येईल."

भरतेशने क्षण निम्म्यावर आणला आणि पहिलं गाणं लावलं.

काही सेकंदांत त्याने डोळे उघडले. इतकी वर्षं जो नुसता गोंगाट होता, त्यातून एकेक वाद्य वेगळं होऊन समोर आलं. त्रिशलाचे दोन हात वेगळं बोलत होते आणि दोन पाय वेगळं. मध्येच सगळे एकदम थांबत, आणि त्या थांबण्यातही शिस्त होती. इलियासचं गुरगुरणं हे चक्क शब्द होते, आणि चांगले शब्द होते. तिसऱ्या गाण्यात भरतेश खुर्चीवरून उठलाच.

"अरे, तू इथं सात मात्रांत वाजवतोयस आणि ती पाचात!"

"मग इतकी वर्षं काय सांगतोय तुम्हाला," इलियास म्हणाला.

भरतेशने त्याला बोलू दिलं नाही. तो गाणी मागे नेऊन परत ऐकत होता. एका ठिकाणी त्रिशला पाचाचा ताल धरून इतकी पुढे जायची की आता हे काही जुळत नाही असं वाटायचं, आणि नेमक्या शेवटच्या ठोक्याला ती इलियासच्या सातावर येऊन उभी राहायची. तो मोठ्याने हसला. आठवं गाणं संपेपर्यंत त्याची खात्री पटली होती की आपली बायको असामान्य वादक होती, आणि हे आपल्याला आज स्वतःच्या कानांनी कळलं.

मग नववं लागलं. ठोके स्वच्छ सुटे ऐकू येत होते, त्यामुळे लपायला जागाच नव्हती. ते कधी दाट पडत, कधी विरळ. कुठल्याच मात्रेत बसत नव्हते. भरतेशने पट्टा सोडला.

"इलियास बरोबर सांगतोय," तो म्हणाला.

इलियासला बरं वाटलं नाही. त्याने मान खाली घालून लॅपटॉप उघडला.

हेमांगीताई तेवढ्यात पडद्यावर त्या गाण्याचा आलेख बघत होत्या. त्यांनी इलियासला थांबायला सांगितलं. थरथरणारा हात कुठेही भरकटतो, त्या म्हणाल्या, पण हा हात ठरलेल्या जागांवरच थांबतो. त्यांनी दोघांना जवळ बोलावलं. सेकंदाला आठ ठोके. मग नऊ. मग दहा. मग बारा. मग तेराच्या थोडं वर. आणि मग सोळा. याशिवाय दुसरा वेग संपूर्ण गाण्यात नव्हता.

इलियास आकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने गिटारच्या तारेवर बोट ठेवल्यासारखं हवेत बोट हलवलं.

"आठाची दुप्पट सोळा. म्हणजे आठ खालचा सा आणि सोळा वरचा. आठाला बारा म्हणजे पंचम. नऊ रे, दहा ग. तो तेराच्या वरचा धैवत." तो गडबडीने बोलत होता. "ताई, हा भूप आहे. वहिनी ड्रमवर भूप वाजवतायत."

"पण सेकंदाला आठ ठोक्यांचा सूर होत नाही," भरतेश म्हणाला. "वीसच्या पुढे गेलं तर कुठे ठोके मिसळून सूर बनतो. त्याखाली नुसते ठोकेच."

"आपल्या श्रवणक्षणाला वीस," हेमांगीताई म्हणाल्या. "तिचा क्षण केवढा होता?"

भरतेशला ते माहीत होतं. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा त्याने त्रिशलाला तपासलं होतं. ती वडिलांच्या मागाच्या शेडमध्ये वाढलेली, तिचा क्षण साधारण तिप्पट पसरलेला होता. तो पट्टा घेऊन तयारच होता, पण माझं बरं चाललंय असं म्हणून ती चहा ठेवायला उठली होती. पुढे आजार आला आणि तो विषय राहून गेला. ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायची, पण मागवाल्यांच्या या गावात निम्मी माणसं तशीच बोलतात, त्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं.

तिघांनीही सकाळपासून एकच गोष्ट धरून ठेवली होती, की हे संगीत फार वेगवान आहे आणि ते कळायला कान बारीक हवा. क्षण मोठा करून बघावं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पसरलेला क्षण म्हणजे दोष, हे इथे इतकं ठरलेलं होतं की भरतेशने यंत्राला उलट्या दिशेची सोयही ठेवली नव्हती.

त्याने पाठीमागचं झाकण काढलं आणि दोन वायरी अदलाबदल करून जोडल्या. काही वेळ तुला बोललेलं कळणार नाही, अशी सूचना हेमांगीताईंनी दिली. हाताच्या खुणा ठरल्या. भरतेशने काटा त्रिशलाच्या क्षणावर आणून ठेवला. हेमांगीताई काहीतरी म्हणाल्या, पण त्याला नुसती गुणगुण ऐकू आली.

मग नववं गाणं सुरू झालं आणि ड्रम कुठेच नव्हता. एक जाड, खालच्या पट्टीतला आवाज उठला आणि सावकाश वर चढू लागला. तो गाण्यासारखा नव्हता, ते गाणंच होतं. सा, रे, ग. पंचमावर थोडं थांबणं. धैवताला हात लावून परत खाली. गिटारी मिसळून एक झाल्या होत्या आणि तानपुऱ्यासारख्या मागे वाजत होत्या. जगातल्या सर्वांत वेगवान संगीतात त्रिशलाने एक संथ गाणं ठेवलं होतं. तालमीत ती सारखी का ओरडायची, "घट्ट घ्या, अजून घट्ट," हे त्याला आता कळलं. सगळ्यांना वाटायचं ती चिडली आहे. ती फक्त दाट ठोक्यांतला वरचा सा मागत होती.

ठरलेल्या खुणा करायचं तो विसरला. शेवटी इलियासनेच त्याचा पट्टा काढून स्वतःला बांधला आणि गाणं ऐकलं. पुन्हा बोलणं कळू लागल्यावर तो म्हणाला, "आणि मी हे सरळ करणार होतो. सगळं आठावर आणून. नुसता सा राहिला असता, दुसरं काही नाही."

पण मग तोच म्हणाला की अडचण आहे तिथेच आहे. प्रत्येक अल्बमबरोबर पट्टा पाठवता येणार नाही. लोकांना ठोके ढिलेच वाटणार आणि लोक हसणारच.

"कुठल्या लोकांना?" भरतेशने विचारलं. त्याने लॅपटॉप उचलला आणि तो बाहेरच्या खोलीत गेला.

बाहेर उपचारासाठी आलेली माणसं बाकांवर बसली होती. सगळी मागावरची, सगळ्यांचे क्षण पसरलेले. भरतेशने भिंतीवरच्या स्पीकरवर नववं गाणं लावलं. कुणी कानावर हात ठेवला नाही. आधी एकाने मान वर केली, मग दुसऱ्याने. जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचं काम केलेल्या गंगव्वा शेजारणीला हाताने गप्प करून उठल्या आणि स्पीकरखाली येऊन उभ्या राहिल्या.

"कोण म्हणतंय ओ हे?" त्यांनी विचारलं. "किती सावकाश म्हणतीया."

भरतेशने त्यांच्यासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असं सांगितलं, "माझी बायको."

गंगव्वांनी मान डोलावली. मग त्यांना काहीतरी सुचलं.

"पट्टा बांधल्यावर हे ऐकू येतंय काय?"

भरतेशला खोटं बोलता आलं असतं. "नाही," तो म्हणाला. "मग माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल. हे नाही."

गंगव्वांनी एकदा वर स्पीकरकडे बघितलं.

"बांधा की मग," त्या म्हणाल्या. "पण हे संपू दे आधी."

बाकीच्यांनीही आपापले बाक स्पीकरकडे ओढले. गाणं संपलं तेव्हा इलियासने कुणाला न विचारता ते परत लावलं.