चुंबक भरायचं दुकान

हे लिहावं की नाही, हे ठरवण्यात आठवडा गेला. पण जे घडलं ते असंच घडलं. रिसोडला, आमच्या बाबांच्या दुकानात, गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी. दुपारी चारला, लख्ख उन्हात.

बाबा स्पीकरची, मोटरसायकलची उतरलेली चुंबकं पुन्हा भरून देत. यंत्र चार्ज होताना बारीक शीळ चढत जाते. लाल दिवा लागतो. बटण दाबलं की धप्प... क्षणभराचा झटका. चुंबक थरारतं, फळीवरचे लोखंडी पाने झणझणतात.

"लोखंडबी अंग ताणते, बाई," बाबा म्हणत. "केसाहून कमी. दिसत नाई, आयकू येते."

दोन वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला. त्या झटक्याजवळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग बटण मी दाबायचे. माझी शाळा सकाळची. शिकवून आले की रोज चारला दुकानात. बाबा तेवढा वेळ रस्त्यापलीकडे थांबत.

एक दिवस मी गेले नाही. कंटाळा आला होता, एवढंच.

बाबांनी स्वतःच दाबलं. शेजारी शिलाई करणाऱ्या सोनीबाईंना ते जमिनीवर सापडले.

बाबा गेल्यावर महिन्याभरानं, त्या बुधवारी, रिठदचे जानराव यंत्र विकत घ्यायला आले. यंत्राची वायर बोर्डातून काढून त्यांनी गुंडाळली.

तेवढ्यात शीळ सुरू झाली...

"ताई, लाइन चालू हाय काय?"

"वायर तुमच्याच हातात आहे, भाऊ."

शीळ चढत गेली. लाल दिवा लागला.

मग सगळं थांबलं... कुणाची तरी वाट पाहिल्यासारखं.

मी बटण दाबलं.

धप्प.

पाने झणझणले. जानराव वायर टाकून बाहेर पडले.

"मले नाई पायजे हे. फुकटबी नाई."

गुरुवारी चारला गेले. शुक्रवारीही. तसंच झालं.

शनिवारी मुद्दाम घरी बसले.

संध्याकाळी सोनीबाई आल्या. बसल्या नाहीत.

"काय व अंजू, दुकान कोणाले देलं? चारले धप्प झालं. मंग आत कोनी पडलं."

"कुलूप आहे, मावशी."

"म्या आयकलं ना. त्या दिवशी पडले तसंच. शटर ठोकलं... तं आत कोनी कन्हून राह्यलं होतं."

कुलूप मीच उघडलं. आत कुणी नव्हतं.

बटण तेवढं कोमट होतं.

तेव्हापासून एकही दिवस चुकवलेला नाही.

आता माझी मेडशीला बदली झाली आहे. सोमवारी रुजू व्हायचंय.

तिथली शाळा पाचला सुटते.