ट्रेमधले बारा चोर

सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात मंजुषा भिंगाखाली पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळ्या, तपासायची. एका ट्रेत पाचशे. ओरखडा दिसला की बुश बाजूला. सत्त्याण्णवच्या जूनपर्यंत तिच्या नजरेतून केसाएवढी रेघही सुटली नव्हती. मग एके दिवशी ट्रे आणणारा माणूस बदलला.

“कुठं ठेवू?” नव्या माणसानं विचारलं.

तिनं वर पाहिलं. त्याच्या उजव्या भुवईला ग्रीस लागलं होतं... बस, एवढंच. पण पुढचे चार बुश तिनं हातात घेतले, फिरवले, आणि एकही तिला दिसला नाही.

तो कुंदन. ओझरहून एसटीनं यायचा आणि ट्रे ठेवताना उगाच हसायचा.

सुपरवायझर सावळीराम यांना एक खोड होती. चांगल्या मालात ते मुद्दाम खराब बुश मिसळत, आणि त्यांना चोर म्हणत. जुलैत मंजुषाच्या हातून तीन चोर निसटले, ऑगस्टमध्ये पाच. सगळे कुंदन येऊन गेल्यानंतरच्या दहा मिनिटांतले. सावळीरामांनी तिला डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. ते तिला ठाऊक होतंच.

शनिवारी शेवटची परीक्षा ठरली. बारा चोर, एक जरी सुटला तरी पर्मनंट होणं विसरायचं आणि मखमलाबादला वडिलांबरोबर झेंडू तोडायचा. झेंडूबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण ती भिंगामागची खुर्ची तिला हवी होती.

तिनं नीट विचार केला. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, की डोळ्यांचं सगळं बळ न बघण्यातच खर्ची पडायचं. मग उपाय एकच उरला.

शनिवारी कुंदन स्टोअरमध्ये सावळीरामांनी दिलेले चोर ट्रेत मिसळत होता. तिनं दारातून हाक मारली. तो हातातला बुश घेऊन तसाच बाहेर आला.

“इथं उभे राहा. हलू नका.”

“का?”

“तुम्हाला बघून घेते. एकदाच, पुरतं. म्हणजे मग माल दिसेल.”

“आणि... उद्या?”

“उद्या रविवार आहे. सोमवारपासून रोज, कामाआधी. चालेल?”

कुंदननं नुसती मान हलवली. तिनं घड्याळ लावल्यासारखं मिनिटभर पाहिलं — आणि गेली.

दोन तासांनी टेबलावर अकरा चोर होते. सावळीराम बारावा मागत होते. तिनं सगळा ट्रे पुन्हा तपासला.

“अकराच आहेत, साहेब.”

“मी स्वतः बारा दिलेत, बाई.”

“दिले असतील. ट्रेत अकराच आहेत.” आवाज ठाम होता.

सावळीरामांनी शेरा लिहायला पेन उघडलं. तेवढ्यात कोपऱ्यात उभ्या कुंदनचा हात सहज शर्टाच्या खिशाकडे गेला, आणि तिथंच थबकला. तो कसनुसा पुढे आला आणि बारावा चोर त्यानं टेबलावर ठेवला.

सावळीरामांनी बुशकडे पाहिलं, मग दोघांकडे. मंजुषाच्या पर्मनंटच्या कागदावर सही केली आणि डॉक्टरांचा पत्ता कुंदनच्या हातात दिला.

“डॉक्टर रविवारी असतात का?” बाहेर आल्यावर कुंदननं विचारलं.

“नसतात,” मंजुषा म्हणाली. “मी असते. नदीच्या घाटावर, पाच वाजता.”