शाबासपट्टी

चौथी ब च्या मागच्या भिंतीत एकतर्फी काच बसवलेली होती. मुलांना तिच्यात फक्त स्वतःची प्रतिबिंबं दिसत. काचेपलीकडच्या निरीक्षणकक्षात डॉ. मृणाल खांबेटे उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक काही केल्या लपत नव्हतं.

वर्गातल्या मुलांच्या मनगटांवर तिने बनवलेल्या शाबासपट्ट्या होत्या. छतातला यंत्रमेंदू मुलांवर नजर ठेवी. कुणी चांगलं वागलं की पट्टीतून मेंदूच्या सुखकेंद्राला एक हलका सुखस्पंद जाई आणि पट्टी हिरवी उजळे. बस, एवढंच. ना छडी, ना अंगठे धरणं, ना बाकावर उभं राहणं. गेल्या वर्षी ज्या वर्गाने दोन शिक्षिकांना रडवून पळवून लावलं होतं, तोच वर्ग आता देवळात बसल्यासारखा बसायचा. पण मृणालला एवढ्यावर थांबवेना. या सत्रात तिने यंत्राला कणव ओळखायला शिकवली. रडणाऱ्याचे डोळे पुसले, त्याची समजूत घातली, की सगळ्यांत मोठा स्पंद.

फक्त एका मुलीचं मनगट रिकामं होतं. ती मृणालचीच लेक, शाल्मली. संशोधकाने स्वतःच्या मुलाला प्रयोगात घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून ती त्याच वर्गात पट्टीविना बसायची.

"बघा सर, आलेख कसा चढलाय! उद्या समितीने होकार दिला की सगळ्या जिल्ह्यात पट्ट्या जातील."

शेजारी उभे असलेले डॉ. हुद्दार तिचे गुरू. भातातले खडे वेचावेत तशा दुसऱ्यांच्या प्रयोगांतल्या चुका वेचण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"शिक्षा काढून टाकलीस, चांगलं केलंस. पण अगं, बक्षिसाचीही सक्ती असते. मला एक सांग, डोळे पुसायचे तर आधी कुणीतरी रडायला हवं ना? मग एवढं रडतंय कोण?"

"लहान मुलं ती, सर. त्यांना रडायला काय लागतं?"

ती हसली खरी, पण एक गोष्ट तिला आठवली. रविवारी न्हाऊ घालताना तिला शाल्मलीच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले होते. "बाक लागला," शाल्मली म्हणाली होती. "पण आई, सगळे किती छान वागतात माझ्याशी! कस्तुरीने तर फुंकरसुद्धा घातली." आणि मृणालला, आई असून, तेव्हा फुंकरीचाच आनंद झाला होता.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाई चहाला गेल्या. एकही मूल मैदानाकडे धावलं नाही. सगळी मुलं शाल्मलीच्या बाकासमोर रांगेत उभी राहिली. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. शिस्तीबद्दल पट्ट्या मंद हिरव्या झाल्या.

वर्गाची मॉनिटर कस्तुरी कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन पुढे आली आणि बाकाखाली वाकली. तिथे छतातल्या यंत्राची नजर पोचत नव्हती. शाल्मलीने आपण होऊन हात खाली नेला. ती कळवळली आणि रडू लागली.

मग एकेक जण पुढे आला. कुणी डोळे पुसले, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी डब्यातला लाडू भरवला. मनगटं झगझगीत उजळत गेली. शाल्मलीचं रडू ओसरलं तशी कस्तुरीने मागे उरलेली रांग पाहिली आणि ती पुन्हा वाकली.

"तिला पट्टी नाही," हुद्दार पुटपुटले. "डोळे पुसून तिला काहीच मिळत नाही. म्हणून रडायचं काम तिच्याकडे आलं."

मृणालने यंत्राच्या मुख्य खटक्याकडे झेप घेतली.

"थांब! एकदम बंद करू नकोस! बेल वाजली नाही तर माणूस दारावरून लगेच परत फिरत नाही, आधी ती जोरजोरात दाबतो. मिळणारं बक्षीस अचानक थांबलं की—"

पण तिने खटका पाडला होता.

काचेपलीकडे एका मुलाने शाल्मलीचे डोळे पुसले आणि मनगटाकडे पाहिलं. पट्टी काळीच. त्याने पुन्हा पुसले. पुन्हा काही नाही. रांगेत कुजबुज झाली. कस्तुरीने कर्कटक घट्ट धरलं. मागच्या तिघाचौघांनी आपापल्या कंपासपेट्या उघडल्या.

हुद्दारांच्या हाका मागे टाकून मृणाल धावत सुटली. वर्गात शिरून तिने शाल्मलीला उचलून छातीशी धरलं. "काय केलंत हे!" ती ओरडली, आणि पुढचे शब्द हुंदक्यांत बुडाले. हे कुणी शिकवलं, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

मुलं घाबरली नाहीत. त्यांचे चेहरे मायेने भरून आले.

"काकू, रडू नका हं."

चिमुकल्या हातांनी तिचे गाल पुसले. मग सगळ्यांनी मनगटांकडे पाहिलं.

"काकूंच्या रडण्यानेही होत नाहीये," एक मुलगा हिरमुसून म्हणाला.

कस्तुरीने मृणालच्या केसांवरून हळुवार हात फिरवला.

"थोडं कमी पडतंय," ती म्हणाली. "दार लावून घे रे."