कुजबुजेंच्या वहीतली सही

ती खिडकी लोटून घे रे जरा. हं. आणि मोबाइल खाली ठेवा सगळ्यांनी. भुताची म्हणून सांगत नाही, घडलेली सांगतोय. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

दुसऱ्या मजल्यावरचे, माझ्या शेजारचे कुजबुजेकाका तुम्हाला माहीत आहेत. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचतो कोण! नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या कडेला विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची छापील वही, आणि नट वाक्य विसरला की पुढचं हळूच पुरवायचं. सव्वीस वर्षं हेच केलं, म्हणून कंपनीने नाव ठेवलं कुजबुजे. काकू म्हणतात, "अख्ख्या कंपनीला वाक्यं आठवून देतात, आणि येताना दूध आणायचं तेवढं आठवत नाही."

तर गेल्या नोव्हेंबरची अठरा तारीख. मंगळवार. रात्रीचे नऊ चाळीस. काका जिना उतरत होते आणि माझं दार उघडं होतं. सहज.

"या वेळेला कुठे स्वारी?"

"थिएटरात. वही आणायचीय."

"सकाळी आणा की."

"सकाळी बाईंना नेऊन द्यायचीय. काम सोडतोय मी."

आणि उतरले. एरवी माझ्याशी पंधरा मिनिटं बोलल्याशिवाय हा माणूस पायरी सोडत नाही.

काम का सोडत होते, ते आधी समजून घ्या.

त्यांची कंपनी अकरा माणसांची. बाई दिग्दर्शिका. बाकी सगळ्यांनी सगळं करायचं. आज राजा झालास तर उद्या इस्त्री कर. या सगळ्यांत वयाने आणि मानाने मोठे ते थोरले. पडदा ओढायला म्हणून आले आणि तीस वर्षांत कंपनीचा खांब झाले. दुसरा पुतण्या. तो कुणाचा पुतण्या नव्हे हां, एका नाटकात चौदा वर्षं थोरल्यांच्या पुतण्याचं काम केलं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या लग्नपत्रिकेवरही मित्रांनी तेच छापायला सांगितलं होतं म्हणे.

कंपनीचा एक नियम होता. प्रयोगात ज्याला कुजबुजेंची मदत लागेल, त्याने प्रयोगानंतर वहीत त्या ओळीसमोर सही करायची. लहान-मोठा भेद नाही. बाईंच्या स्वतःच्या सात सह्या आहेत. थोरल्यांची एकही नाही.

त्याच काका-पुतण्याच्या नाटकाच्या शेवटी थोरले खुर्चीत बसून म्हणत, "दार मी उघडंच ठेवलं होतं..." मग थांबत. सात आकडे मोजावेत इतकं. मग म्हणत, "तुम्हीच उशीर केलात." त्या सात आकड्यांत लोक खोकायचं विसरत.

अगदी सुरुवातीला एकदा कुजबुजेंनी पाचावरच वाक्य पुरवलं. थोरल्यांनी प्रयोगानंतर सगळ्यांसमोर धुतलं.

"कुजबुजे, मी विसरलो नव्हतो. थांबलो होतो. दोन्हींतला फरक कळत नसेल तर भाजी विका. आणि एक लक्षात ठेवा, तुमच्या वहीत माझी सही कधी व्हायची नाही."

तेव्हापासून काका सातपर्यंत मोजत. वहीवर बोट टेकवून.

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. भरलेला प्रयोग. "दार मी उघडंच ठेवलं होतं..." थोरले थांबले. काका मोजू लागले. पाच, सहा, सात. आठ. त्यांना वाटलं, आज म्हातारा रंगात आलाय. बारा. वीस. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग समोर उभ्या असलेल्या पुतण्याने थोरल्यांच्या खांद्याला हात लावला...

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, कुणीच काही करू शकलं नसतं. पण काकांच्या मनातून ते जाईना. थिएटरात पाऊल टाकलं नाही. वही त्या रात्री विंगेत राहिली ती तशीच. प्रॉम्प्टरच्या वहीला दुसरं कुणी हात लावत नाही.

महिन्याभराने बाईंनी थोरल्यांचं काम पुतण्याला दिलं. पहिला प्रयोग शुक्रवारी, एकवीस तारखेला. आणि तालमीत त्याची दातखीळ बसे ती नेमकी त्याच वाक्याला. सोमवारी तो काकांच्या घरी आला. भिंती पातळ आहेत आपल्या, ऐकू येतं.

"काका, तुम्ही विंगेत असलात तर मी उभा राहीन. नाहीतर बाईंना सांगून टाकतो, दुसरा बघा."

"अरे, चौदा वर्षं वाट पाहिलीस या कामाची!"

"म्हणून तर आलोय तुमच्याकडे."

 मग काकांचा आवाज आला, "मी एक माणूस मरत असताना आकडे मोजत बसलो. कोण थांबलंय आणि कोण अडलंय, हे आता मला कळत नाही रे."

तर अशा माणसाने मंगळवारी रात्री थिएटरचं मागचं दार उघडलं. किल्ली त्यांच्याकडे असते. पुढच्या फाटकावर वॉचमन होता, मोबाइलवर कुठलीशी मॅच बघत. आत कुणी नाही. मोबाइलची बॅटरी लावून काका विंगेत गेले. स्टूल जागेवर. स्टुलावर वही. उघडी. तेच पान.

काकांनी उजेड धरून नीट पाहिलं. छापील ओळ. तिच्यासमोर कोरा समास. एक डागही नाही. हे ते मला तीनदा म्हणाले. समास कोरा होता.

वही उचलली. सवयीने क्षणभर स्टुलावर बसले.

आणि खुर्ची करकरली.

रंगमंचावर शुक्रवारसाठी सेट लावून ठेवला होता. मधोमध ती खुर्ची. काकांना वाटलं, लाकूड आहे, थंडीने बोलतं. बॅटरी तिकडे वळवायला गेले... हात वळेना.

मग आवाज आला.

"दार मी उघडंच ठेवलं होतं..."

काय रे? नाही, पुतण्या नव्हता. पुतण्या तेव्हा बाईंच्या घरी होता. मध्ये बोलू नकोस.

तोच आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

मग शांतता.

काकांचं बोट वहीवर टेकलं. आपोआप.

एक. दोन.

पुढे काही नाही.

पाच. सहा.

सात.

काही नाही...

आठ. नऊ.  उठून पळावं, तर पाय स्टुलाला बांधल्यासारखे. बारा. थांबलाय की अडलाय? पुन्हा धुतलं तर? पुन्हा उशीर झाला तर?

पंधरा.

अंधारात कुणीतरी श्वास रोखून धरला होता. काकांनी सव्वीस वर्षं तो ऐकलाय. पुढचं न आठवणाऱ्या माणसाचा श्वास.

अठरा...

काका पुढे वाकले. ओठ हलेनात. कसाबसा आवाज फुटला.

"तुम्हीच... उशीर केलात."

...

...

मग कुणीतरी श्वास सोडला. लांब. खुर्ची पुन्हा करकरली. बसलेला माणूस उठला की करकरते, तशी.

काकांनी वही मिटली, छातीशी धरली आणि जे निघाले ते घरी. दहा पस्तीसला जिना चढले. माझं दार... हो, उघडंच होतं. चेहरा कागदासारखा. मी विचारलं, "मिळाली वही?" तर नुसतीच मान हलवली. आत काकू म्हणाल्या, "अहो, मागचं दार तरी लावून आलात का?" लावलं नव्हतं. सकाळी जाऊन मीच लावून आलो.

बाईंना वही द्यायला मात्र ते गेले नाहीत. शुक्रवारी विंगेत स्टुलावर बसले. पुतण्या त्या वाक्याला थांबला. काकांनी बोट टेकवलं. पाच, सहा, सात. पुतण्या आपलं आपण बोलला. मी होतो ना तिसऱ्या रांगेत. खोकायचं विसरलो.

काम का सोडलं नाहीत, असं मी किती दिवस विचारत होतो. मी पिच्छा सोडणारा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि ते पान उघडलं.

आता एक सांगायचं राहिलं. थोरले सही करायचे ती भुवया काढायच्या तपकिरी पेन्सिलीने. कुणी कागद पुढे केला की मेकअपच्या डब्यातली तीच उचलायची. तो डबा बाईंनी ते गेले त्याच रात्री कुलूप लावून घरी नेला होता.

छापील ओळ. "तुम्हीच उशीर केलात." तिच्यासमोर समास.

समासात तपकिरी सही. मोठी, ऐटीत, शेवटच्या अक्षराखाली दोन रेघा मारलेली.

सव्वीस वर्षांतली पहिली.